आखून दिलेलं आकाश

मुंबईत विमान उतरवण्याच्या नकाशात मुंबई फारशी दिसतच नाही. किनाऱ्याची बारीक रेघ, खाडीचं एखादं वळण, आणि बाकी सगळे आकडे. अमुक बिंदूवर इतके फूट, तमुक बिंदूपर्यंत इतका वेग, मग इतक्या अंशांवर वळण, पुढे इतके मैल. वांद्रे नाही, घाटकोपर नाही, पार्ल्यातलं आमचं घर तर नाहीच. मी एका चार्टर कंपनीचं किंग एअर उडवते. दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं लहान विमान आहे ते, आणि आमची ये-जा कलिन्याच्या बाजूनं. मुंबईचे हे नकाशे मला तोंडपाठ आहेत म्हटलं तरी चालेल. तरीही दरवेळी मी ते पहिल्यापासून वाचते, मोठ्यानं, शेजारच्या को-पायलटला ऐकू जाईल असे.

निघतानाच्या आखीव वाटेला सिड म्हणतात, येतानाच्या वाटेला स्टार. स्टार संपते तिथून धावपट्टीपर्यंतचा टप्पा म्हणजे अ‍ॅप्रोच. आणि खाली आल्यावर धावपट्टी दिसलीच नाही, तर पुन्हा वर कुठल्या बाजूला आणि किती उंच जायचं, तीही वाट आधीच आखलेली असते. वाटेवरच्या बिंदूंना पाच-पाच रोमन अक्षरांची नावं असतात. उच्चारता येतील अशी, आणि जगात दुसरीकडे कुठे नसतील अशी.

लग्नकार्यात भेटणारे काका हमखास विचारतात, "सगळं ठरलेलंच असतं, तर तुम्ही नेमकं करता काय गं?" मला हा प्रश्न आवडतो. मोठ्या जेटमध्ये ही वाट संगणकात भरली की विमान ती इतकी चोख पाळतं, की वैमानिकाचं काम मुख्यतः लक्ष ठेवण्याचं होतं. लहान विमानात मात्र अजून हात, सुई, घड्याळ आणि मनातल्या मनात करायची गणितं यांवर बरंच काही चालतं. म्हणूनच वाट कुठे का वळते आणि एखाद्या बिंदूवर तीनच हजार फूट का लिहिलेत, हे तिथे नीट कळतं. माझ्या लेखी ही आखणी म्हणजे आपल्याला कधीही न भेटलेल्या माणसांनी आपल्यासाठी आधीच वाहून ठेवलेली काळजी आहे. विमान जितकं लहान, तितकी ती काळजी हाताला लागते.

माझं शिक्षण धुळ्याला झालं, सेसना १७२ वर. उपकरणांवरचं उड्डाण शिकवताना डोक्यावर हूड चढवतात. पुढची काच, आभाळ, जमीन सगळं झाकलं जातं आणि समोर फक्त सहा डायल उरतात. विमान एका लयीत हळूहळू वळत राहिलं, तर वीसेक सेकंदांत कानातला द्रव त्या वळणाशी जुळवून घेतो आणि शरीर सांगायला लागतं, आपण सरळ चाललोय. मग विमान खरोखर सरळ केलं, की तेच शरीर ओरडतं, उलट्या बाजूला कललोय! आमचे सर शेजारून एकच गोष्ट सांगत: "कान काय म्हणतो ते मला नको. सुई काय म्हणते ते सांग." माणूस कितीही हुशार असो, कानाच्या या सवयीतून त्याची सुटका नाही. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला. उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना ढगात शिरल्यासारखी परिस्थिती दिली. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत.

याचं मुंबईतलं सर्वांत दुःखद उदाहरण आपल्या समुद्रातच आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघालं. पश्चिमेकडे उड्डाण, पुढे काळा समुद्र, वर काळं आभाळ, मध्ये क्षितिज नाहीच. उजवं वळण घेऊन विमान सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचं कल दाखवणारं उपकरण उजवीकडेच अडकून राहिलं. त्या चुकीच्या दाखल्यावरून विमान डावीकडे कलत गेलं आणि वांद्र्याच्या किनाऱ्यापासून काही किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. विमानात तसं उपकरण एकच नव्हतं. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला सांगितलं जातं, की एका सुईवर विसंबू नकोस, ती दुसरीशी ताडून पाहा. रात्री समुद्राकडे जाणाऱ्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून निघून जुहूचे दिवे पायाखाली सरतात आणि पुढे फक्त अंधार येतो, तेव्हा मी माझ्या आणि को-पायलटच्या कृत्रिम क्षितिजावरून, म्हणजे कल दाखवणाऱ्या त्याच उपकरणावरून, आळीपाळीनं नजर फिरवते. को-पायलटही तेच करतो. त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

बरं, डोळे तरी कुठे खात्रीचे? जुहूची धावपट्टी सांताक्रूझच्या इतकी जवळ आहे, की १९५३ च्या जुलैत बीओएसी या ब्रिटिश कंपनीचं कॉमेट आणि १९७२ च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सचं डीसी-८ अशी दोन मोठी विमानं चुकून जुहूला उतरली. दुसरं तर धावपट्टी संपवून पुढे गेलं. दोन्ही वेळा जीवितहानी झाली नाही. हे वैमानिक कच्चे नव्हते. पावसाच्या पडद्यातून किंवा धूसर उजेडात अचानक समोर आलेली धावपट्टी आपलीच वाटते.

आता लहान विमानाचं गणित. सिडवर चढण्याचा किमान उतार ठरलेला असतो. सर्वसाधारणपणे तो ३.३ टक्के, म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे दोनशे फूट. मिनिटाला दोन मैल या वेगानं गेलात, तर मिनिटाला चारशे फूट चढायला हवं. ऐकायला सोपं आहे. पण मे महिन्याच्या दुपारी, भरलेल्या टाक्या आणि भरलेल्या आसनांनिशी एका इंजिनाचं जुनं विमान घेऊन निघालात, तर ते गणित कागद-पेन्सिल घेऊन करावं लागतं. आणि एक गोष्ट अनेक नव्या वैमानिकांना ठाऊकच नसते. नकाशावरची ही वाट सगळी इंजिनं चालू आहेत असं धरून आखलेली असते. एक इंजिन बंद पडलं तर काय, याचं उत्तर तिथे छापलेलं नसतं; ते ज्याचं त्यानं आधी काढून ठेवायचं असतं. २७ वरून निघालो तर समोर समुद्र आहे, सपाट, कुठेही आडवं काही नाही. दुसऱ्या, १४ क्रमांकाच्या धावपट्टीवरून निघालो तर नाकासमोर ट्रॉम्बेची सुमारे हजार फुटांची टेकडी, आणि तिच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र, ज्याच्यावरचं आकाश वर्ज्य. त्यामुळे १४ मिळाली की माझं ब्रीफिंग लांबतं. कुठल्या बाजूला वळू, कुठल्या उंचीपर्यंत वळणार नाही, कुठल्या वेगाच्या खाली जाणार नाही, सगळं धावपट्टीवर जाण्याआधी बोलून घ्यायचं.

मोठ्यांच्या रांगेत उभं राहण्याचं म्हणून आणखी एक गणित आहे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि तिच्यावर दिवसाला नऊशेहून जास्त विमानं ये-जा करतात. सात टनांपर्यंतचं विमान 'लाइट' गटात मोडतं. आमचं किंग एअर पावणेसहा टनांच्या आत. पुढे बोइंग ७७७ उतरत असेल, तर तिच्या पंखांच्या टोकांवरून सुटलेले भोवरे आम्हाला सहज उलटवू शकतात, म्हणून मध्ये सहा मैलांचं अंतर लागतं. आणि मागून एअरबस येत असते. कंट्रोलर म्हणतो, "चार मैलांपर्यंत १६० नॉट्स ठेवा." एअरबसला हे नेहमीचंच आहे. आम्ही मात्र चार मैलांवर, म्हणजे जमिनीपासून पावणेतेराशे फुटांवर, १६० वर असतो, आणि हजार फुटांपर्यंत चाकं, पंखांचे फ्लॅप आणि वेग सगळं जागेवर यायला हवं असतं. मध्ये जेमतेम एक मैल. जमेल तर हो म्हणायचं, नाही तर वेळेवर, स्पष्ट शब्दांत 'अनेबल', म्हणजे जमणार नाही, म्हणायचं. हा शब्द संकोच न करता उच्चारता येणं मला कुठल्याही वळणापेक्षा महत्त्वाचं वाटतं. कंट्रोलर रागावत नाही, तो दुसरी सोय करतो. न जमणाऱ्या गोष्टीला हो म्हटलेलं मात्र त्याला दिसत नाही.

नकाशाच्या एका कोपऱ्यात एक वर्तुळ असतं, पंचवीस मैलांच्या त्रिज्येचं, त्यात भाग पाडलेले आणि प्रत्येक भागात एक उंची लिहिलेली. त्या भागातल्या सर्वांत उंच अडथळ्यावर किमान हजार फूट मोकळे राहतील अशी ही उंची. मुंबईहून माथेरान हवेतून पंचवीस मैलांच्या जेमतेम आत येतं, साडेसव्वीसशे फुटांच्या आसपास. ते हिरवं पठार, ते पॉइंट, ती छोटी गाडी, सगळं या वर्तुळात एका आकड्यात मावतं. त्याच्या पुढे सह्याद्री चढतच जातो.

७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर अलिटालियाचं डीसी-८ बँकॉकहून मुंबईला येत होतं. पावसाळी रात्र. आपण आहोत त्यापेक्षा मुंबईच्या जवळ पोचलोय असा वैमानिकांचा समज झाला आणि त्यांनी वेळेआधीच उंची सोडली. जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर विमान आदळलं. ९४ जण होते, कुणीही वाचलं नाही. जुन्नरच्या बाजूनं येताना आजही मला तो डोंगर आठवतो. त्या भागात कंट्रोलरनं लवकर उतरण्याची परवानगी दिली तरी मी आधी माझी जागा ताडून पाहते, मगच थ्रॉटल मागे घेते. परवानगी देणाऱ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. डोंगर दोघांनीही पाहिलेला बरा.

हे आकडे कुणीतरी पहिल्यांदा लिहून ठेवले, ही गोष्ट मला फार हलवते. १९३० च्या सुमारास एल्रे जेप्पेसन नावाचा अमेरिकी टपालविमानाचा वैमानिक दहा सेंटची काळी वही खिशात बाळगायचा. कुठल्या शेतात उतरता येईल, टाकीची उंची किती, टेकडी केवढी, धावपट्टी किती लांब, सगळं त्यात. स्वतः टेकड्या आणि धुराडी चढून उंचीमापकानं मोजायचा. सहकारी नकला मागू लागले आणि १९३४ पासून तो त्या विकू लागला. आज जगभर विमानांत जे नकाशे उघडतात, त्यांतल्या बऱ्याचशांवर त्याचं नाव आहे. गडाच्या वाटेवर चुकायच्या जागी आधीच्या कुणीतरी दगडांची रास लावून ठेवलेली असते ना, तशी ती वही.

मागच्या एका जुलैत मराठवाड्यातल्या एका धावपट्टीवरून आम्ही एका पेशंटला मुंबईला आणत होतो. एअर अ‍ॅम्ब्युलन्सला प्राधान्य मिळतं, पण पावसाला प्राधान्य कळत नाही. आम्ही आलो तेव्हा विमानतळावर मोठी सर कोसळत होती आणि धावपट्टीवरची दृश्यता साडेपाचशे मीटरच्या खाली गेली होती. आयएलएस म्हणजे रेडिओकिरणांनी धावपट्टीची रेषा आणि उतार दाखवणारी यंत्रणा; तिच्या साध्या प्रकाराला लागते त्याहून ही दृश्यता कमी. सगळ्यांना होल्ड. होल्ड म्हणजे एका बिंदूभोवती लांबट घिरट्या: मिनिटभर सरळ, सेकंदाला तीन अंशांनी उजवं वळण, पुन्हा मिनिटभर सरळ. नैर्ऋत्येचा जोरदार वारा विमानाला सतत बाजूला ढकलत होता, त्यामुळे प्रत्येक फेरीत दिशा आणि वेळ थोडी बदलावी लागत होती. को-पायलट इंधनाचा हिशेब मोठ्यानं सांगत होता: इथे किती मिनिटं, मग अहमदाबादपर्यंत किती. मागे डॉक्टर पेशंटजवळ बसलेले. पेशंटचे भाऊ आमच्या मागच्या आसनावर होते, खिडकीला नाक लावून. खिडकीत नुसता करडा अंधार, आणि पंखावरचा दिवा लुकलुकला की तेवढ्यापुरता पांढरा.

सर ओसरली. अ‍ॅप्रोचच्या कंट्रोलरनं आम्हाला पहिलं घेतलं. क्यूएनएच, म्हणजे उंचीमापकात लावायचा तिथला हवेचा दाब, १००२. मुंबईच्या पावसाळ्यात हा आकडा फार जपावा लागतो. हवेचा दाब इतका उतरलेला असतो, की उंचीमापक १०१३ या प्रमाण दाबावरच राहिला, तर तो खऱ्या उंचीपेक्षा तीनशेहून जास्त फूट वर दाखवतो. आणि आयएलएसवर निर्णयाची उंचीच दोनशे फुटांची. आम्ही दोघांनी आपापले उंचीमापक लावले, एकमेकांचे पाहिले, आकडा पुन्हा उच्चारला. मग आयएलएसची, धावपट्टीची रेषा दाखवणारी उभी सुई हलू लागली, मध्ये आली. उताराची आडवी सुई वरून खाली उतरली. तीन अंशांचा उतार, मैलाला साधारण तीनशे वीस फूट. खाली पारसिकची रांग असणार, मग खाडी, मग घाटकोपर, यांतलं काहीच दिसत नव्हतं. सुई अर्धा टिंब डावीकडे सरकली की दोन अंश दिशा बदलायची. त्याहून जास्त नाही. धावपट्टी दिसली नाही तर काय करायचं, ते ओठांवर तयार: पॉवर, नाक वर, फ्लॅप, चाकं, सरळ. चारशे फुटांवर को-पायलट म्हणाला, "लाइट्स, मॅम." समोर दिव्यांची शिडी होती, ओल्या काचेवर पसरलेली, अगदी नाकाच्या रेषेत.

कलिन्याला रुग्णवाहिका उभीच होती. पेशंटला हलवेपर्यंत ते भाऊ माझ्याजवळ आले. "ताई, बाहेर तर काहीच दिसत नव्हतं. तुम्हाला वाट कशी घावली?" मी म्हटलं, "दादा, वाट आधीच आखून ठेवलेली असते. आम्ही ती सोडत नाही, एवढंच." त्यांनी लगेच विचारलं, "कोण आखतं?"

घाईत मी "विमानतळाचे लोक" असं म्हणून त्यांना रुग्णवाहिकेकडे पाठवलं, पण त्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर आहे. विमानतळ प्राधिकरणात प्रोसिजर डिझाइन करणारी माणसं बसतात. प्रत्येक टेकडी, मनोरा, धुराडं, इमारत यांची उंची त्यांच्या हिशेबात असते. मग प्राधिकरणाचं खास विमान, तेही बऱ्याचदा आमच्यासारखंच किंग एअर, येऊन आयएलएसचे किरण खरोखर जागेवर आहेत का ते उडून तपासतं. नकाशांचं चक्र अठ्ठावीस दिवसांचं. बदल गुरुवारी लागू होतात, जगभर एकाच दिवशी.

आणि मुंबईत ही काळजी लोकांच्या घरापर्यंत पोचते, हे मी पार्ल्यात राहत असल्यामुळे पाहते. आमची जुनी सोसायटी फनेल झोनमध्ये आहे, म्हणजे विमानांच्या वाटेखालच्या अशा पट्ट्यात, जिथे इमारतींच्या उंचीला मर्यादा असते. पुनर्विकासाचा विषय निघाला, की मीटिंगमध्ये सगळ्यांची नजर माझ्याकडे वळते. मजले मिळत नाहीत, बिल्डर येत नाही, पावसाळ्यात छत गळतं. त्यांचं दुखणं खरं आहे. सांताक्रूझपासून कुर्ल्यापर्यंत हजारो कुटुंबांचं तेच दुखणं आहे, आणि सरकारनं त्यांना त्याचा मोबदला दुसऱ्या कुठल्या तरी रूपात द्यायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. पण ही मर्यादा ठरवणारा तो तिरका अदृश्य पृष्ठभाग तिथे का आहे, तेही मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगते. एका इंजिनावर, पावसात, धावपट्टी न दिसल्यामुळे परत वर चढणाऱ्या विमानाला ते थोडे मीटर लागतात. मागच्या बैठकीत जोशीकाकूंनी तो नकाशा मागून घेतला आणि पंधरा मिनिटं त्यावर प्रश्न विचारले. फार चांगले प्रश्न होते.

मला काळजी आहे ती दुसऱ्या टोकाची. मुंबईला सगळं आहे: आयएलएस, रडार, दिव्यांच्या रांगा. ज्या गावांतून आम्ही पेशंट आणतो, तिथल्या बऱ्याच धावपट्ट्यांवर मात्र वैमानिकाच्या डोळ्यांवरच भिस्त आहे. ढग खाली असले की तिथे उतरताच येत नाही, आणि पेशंट उजाडण्याची, ढग वर जाण्याची वाट पाहतो. आयएलएस महाग आहे, प्रत्येक गावी बसणार नाही, हे मान्य. पण आपल्याकडे गगन आहे. उपग्रहाच्या संकेतांत दुरुस्ती करून विमानतळावर कुठलंही मोठं यंत्र न बसवता, उतारासह अ‍ॅप्रोच देणारी आपल्या देशाची स्वतःची यंत्रणा. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचं एटीआर तिच्यावर उतरलं. एटीआर म्हणजे टर्बोप्रॉपच, आमच्याच जातीचं, थोडं मोठं. आमच्या विमानातल्या रिसीव्हरला हे संकेत आजही वाचता येतात. राहिलंय ते एवढंच, की कुणीतरी त्या लहान धावपट्ट्यांभोवतीचे मनोरे, टाक्या आणि टेकड्या मोजून वाट आखून द्यावी. मराठवाड्यातल्या धावपट्ट्यांपासून सुरुवात करावी, आणि पुढच्या पावसाळ्याच्या आधी.